कॉर्सिकाला उलटी प्रदक्षिणा घालायची असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले पाच मित्र, वयं चाळीस ते बावन्न. पुणे–गोवा दोनदा झालंय, एकदा कन्याकुमारीही. आता भूमध्य समुद्रातल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या कॉर्सिका बेटाला सायकलने फेरी मारायची आहे. बेट १८३ किलोमीटर लांब आणि ८३ रुंद. त्यावरून त्यांनी साडेपाचशेचा अंदाज काढला, त्याला आठ दिवसांनी भागलं आणि रोजचे सत्तर किलोमीटर आले. ‘गोव्याला जाताना आम्ही रोज सव्वाशे मारतो, मग हे सहज जमेल ना?’

आठ दिवसांत पूर्ण फेरी घालू नका. पूर्ण फेरीच हवी असेल तर सायकल चालवण्याचे अकरा दिवस काढा. रजा आठच दिवसांची असेल तर ईशान्येकडच्या बास्तिया बंदरातून निघून पश्चिम किनाऱ्याने अजाक्सिओ शहरापर्यंत या आणि तिथून बेटाच्या पोटातून जाणाऱ्या छोट्या रेल्वेने बास्तियाला परत जा. मी या बेटावर तीनदा सायकल चालवली आहे. पहिल्यांदा आम्हीही तुमच्यासारखाच भागाकार केला होता आणि त्याची किंमत आमच्यातल्या एकाने मोजली. ते पुढे सांगतो.

सत्तरचा आकडा का फसतो? गोव्याच्या वाटेवर कात्रज आणि खंबाटकी सोडले तर आंबोलीपर्यंत दमवणारा चढ नाही आणि आंबोली तर उतरायचीच असते. कॉर्सिकाचा पश्चिम किनारा म्हणजे थेट समुद्रात उतरलेला डोंगर. बेटावरचं सर्वांत उंच शिखर मोंते चिंतो २७०६ मीटरचं आहे आणि ते किनाऱ्यापासून जेमतेम पंचवीस किलोमीटर आत आहे. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं नकाशा बघून वाटतं, पण तो प्रत्येक ओहोळाच्या खोबणीत शिरतो, पुन्हा बाहेर येतो, तीनशे मीटर चढतो, पुन्हा पाण्यापर्यंत उतरतो. काल्वी ते पोर्तो या ऐंशी किलोमीटरमध्ये एकही मोठा घाट नाही, तरी दिवसाअखेर हजार मीटरच्या वर चढ झालेला असतो. उत्तर टोकाच्या काप कोर्स या भूशिराची वळणं आणि शेवटी बाव्हेला खिंडीचा डोंगर धरला तर फेरी सातशे किलोमीटरच्या जवळ जाते. म्हणून दिवस ठरवताना आधी चढाचे मीटर मांडा, मग किलोमीटर.

आता दिशा. देवळात आपण देव उजव्या हाताला ठेवून फिरतो, नर्मदा परिक्रमेतही नदी उजवीकडेच असते. इथे मात्र उलटी प्रदक्षिणा घालायची: बेट डाव्या हाताला, समुद्र उजव्या हाताला. फ्रान्समध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे या दिशेने गेलात की तुम्ही कायम समुद्राच्या कडेला असता. थांबायच्या जागा, कठड्याजवळचे मोकळे तुकडे, सगळं आपल्याच बाजूला येतं आणि आंधळ्या वळणावर रस्ता ओलांडावा लागत नाही. उलट दिशेने आलात तर कड्याच्या अंगाने जावं लागतं आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या पियाना गावाजवळ समोरून पर्यटकांची बस आली की एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला बस अशी स्थिती होते. याला दुसरी बाजूही आहे. समुद्राकडचा कठडा कित्येक ठिकाणी गुडघ्याएवढाच आहे, त्यामुळे पाचांपैकी कुणाला उंचीची भीती असेल तर ते आत्ताच बोलून घ्या. शिवाय नैर्ऋत्येकडून येणारा लिबेच्चो वारा सुटला तर सां-फ्लोराँ ते काल्वी हा पट्टा तोंडावर वारा घेत काढावा लागतो. तरीही मी हीच दिशा घेईन. वारा दुपारी चढतो, सकाळी सहाला निघालात की अर्धी लढाई टळते.

एक गोष्ट सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसवा. तिथे भाड्याने घेतलेल्या सायकलचा पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. आपल्याकडे तो उजव्या हाताला असायची सवय. उतारावर घाबरून हात सवयीने दाबला जातो, आणि तो चुकीचा ब्रेक असला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. सायकल ताब्यात घेतल्यावर दुकानाच्या आवारातच दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. तारा बदलून देता येत असतील तर बदलून घ्या. नाहीतर पहिल्या दिवशी उतारावर वेग अगदी कमी ठेवा. मागे बघायचं ते डाव्या खांद्यावरून. गोल चौकात उजवीकडे वळून शिरायचं आणि आत आधीपासून फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

सायकल नेऊ की भाड्याने घेऊ, हा प्रश्न मी गिअरवर सोडवतो. सामानासकट आठ-दहा किलो मागे असताना पुढे ३४ आणि मागे ३४ दातांची जोडी ही माझ्या मते किमान गरज. यापेक्षा हलका गिअर मिळाला तर आणखी चांगलं. टायर ३२ मिलिमीटरचे, कारण गालेरियाकडच्या रस्त्याचा पृष्ठभाग अनेक ठिकाणी खडबडीत आहे. स्वतःची सायकल अशी असेल तर खोक्यात घालून न्या. पेडल काढताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे विसरू नका आणि मागच्या डेरेलरचा (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर बसतो ती छोटी पट्टी, एक जास्तीचा जवळ ठेवा. सायकल खोक्यात आपटली तर वाकतो तो हँगरच, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्याने बेटावर तो मिळेलच असं नाही. ब्रेकपॅडचा एक जोडही घ्या. खाऊमध्ये चिक्की, शेंगदाण्याचे लाडू, खजूर चालतात. पेढे, बर्फी, तुपातले पदार्थ नकोत, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे.

महिना मे, जूनचा पहिला पंधरवडा, किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन, कॅम्परगाड्यांची रांग आणि वणव्यांची भीती, तिन्ही एकदम येतात. मे महिन्यात डोंगर उतारावरची झुडपं फुललेली असतात. त्या झुडपी रानाला तिथे ‘माकी’ म्हणतात. उन्हाने तापल्यावर त्याचा राळेसारखा, मधासारखा वास रस्त्यावर उतरतो आणि चढ चढताना प्रत्येक श्वासात येतो.

आता रस्ता. बास्तियाला नीस, तुलाँ, मार्सेय किंवा इटलीतल्या लिव्होर्नोहून बोटीने पोचता येतं. पहिला दिवस बेटाच्या वर आलेल्या बोटावर, म्हणजे काप कोर्सवर. एर्बालुंगा, माचिनाज्जोपर्यंत समुद्राला लागून सोपा रस्ता. मग तो आत वळतो आणि साडेतीनशे मीटरच्या थोड्या वर असलेल्या सेर्रा खिंडीत चढतो. माथ्यावर जुनी पवनचक्की आहे, तिथून पहिल्यांदा पश्चिमेचा समुद्र दिसतो. सेंतुरीला मुक्काम करा. साठेक किलोमीटर होतात, पहिल्या दिवसाला पुरेत. दुसऱ्या दिवशी नोन्झा. कड्यावरचं गाव आणि खाली करड्या-काळ्या खड्यांचा लांबलचक किनारा. हा किनारा निसर्गाने केलेला नाही. जवळच्या कानारीच्या अ‍ॅस्बेस्टॉस खाणीचा कचरा वर्षानुवर्षं समुद्रात ढकलला गेला आणि लाटांनी तो इथे आणून पसरला. १९६५ मध्ये खाण बंद झाली. गावातल्या सावलीत पाणी भरून घ्या आणि सां-फ्लोराँला थांबा.

सां-फ्लोराँ सोडलं की आग्रियातचा ओसाड पट्टा. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरमध्ये दुकान असं जवळपास नाहीच, मधे ३११ मीटरची व्हेझू खिंड, सावली नाही, आणि रस्त्यात गाई आरामात बसलेल्या. माणशी तीन लिटर पाणी घेऊनच निघा. गावांतल्या सार्वजनिक नळांवर ‘ओ पोताब्ल’ लिहिलं असेल तर पाणी पिण्यायोग्य, त्यात ‘नों’ असेल तर नाही. दुकानं दुपारी साडेबाराला बंद होतात ती तीनच्या पुढेच उघडतात, रविवारी दुपारनंतर तर नाहीच. हा नियम कळेपर्यंत उपाशी राहणारे गट मी पाहिले आहेत. सकाळी नऊलाच पाव, चीज, टोमॅटो घेऊन ठेवत जा.

काल्वी ते पोर्तो आणि पोर्तो ते कार्जेझ हे या फेरीचं हृदय. २०१३ मध्ये ‘तूर द फ्रान्स’ची शंभरावी शर्यत कॉर्सिकातूनच सुरू झाली. त्याआधी ती या बेटावर कधी आलीच नव्हती. तिसरा टप्पा अजाक्सिओ ते काल्वी असा आपल्या उलट दिशेने होता, १४५.५ किलोमीटर, आणि ऑस्ट्रेलियाच्या सायमन गेरान्सने तो पावणेचार तासांच्या आत संपवला. तेवढ्याच अंतराला मी तुम्हाला तीन दिवस सांगतोय. काल्वीहून निघाल्यावर समुद्राकडचा डी८१बी हा रस्ता घ्या, आतला नको. वाहनं तुरळक, एकामागून एक भूशिरं, आणि त्यांवर जेनोवाच्या राजवटीत चाचेगिरीवर नजर ठेवायला बांधलेले गोल बुरूज. फांगो नदी ओलांडली की चारशे मीटरच्या पाल्मारेला खिंडीचा चढ सुरू होतो. चढ तीव्र नाही, पण लांब आहे आणि दुपारी भट्टीसारखा तापतो. अकराच्या आत माथा गाठायचा.

इथेच आमचं चुकलं होतं. आम्ही चौघे होतो. तिघांचा वेग साधारण सारखा, चौथा हळू. आम्ही स्वतःला फार समजूतदार मानत होतो, कारण प्रत्येक खिंडीत त्याच्यासाठी थांबत होतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचो, गप्पा मारायचो, खायचो. तो पोचला की ‘आला रे, चला’ म्हणून उठायचो. म्हणजे आम्हाला दिवसात चारदा विश्रांती मिळाली आणि ज्याला तिची सर्वांत जास्त गरज होती त्याला एकदाही नाही. तो काही बोलला नाही. मित्रांत कुणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पोर्तोहून पियानाच्या चढावर त्याच्या दोन्ही मांड्यांना पेटके आले आणि तो रस्त्याच्या कडेला बसला. पाणी दिलं, मीठ-साखर दिली, पण खरं दुखणं दुसरं होतं. तो म्हणाला, ‘तुम्ही माझ्यासाठी थांबत नव्हता, माझी वाट बघत होता.’ तो बसने अजाक्सिओला गेला. आम्ही तिघे जगातल्या सर्वांत देखण्या रस्त्यांपैकी एकावरून मान खाली घालून गेलो.

तेव्हापासून माझ्या गटात एक नियम आहे आणि तो तुम्हीही पहिल्या दिवसापासून पाळावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. माथ्यावरची विश्रांती शेवटचा माणूस पोचल्यावर सुरू होते. तो आला, बसला, त्याने खाल्लं, आणि ‘निघू या’ हे तोच म्हणतो. दुसरं कुणीही म्हणायचं नाही. चढावर सगळ्यांनी एकत्र चालवायचा हट्ट नको. दुसऱ्याच्या वेगाने चढणं हळूलाही जड जातं आणि जोरातल्यालाही. प्रत्येकाने आपल्या दमाने चढावं, पण खिंडीत आणि प्रत्येक फाट्यावर थांबावं, तेही वळणावर नव्हे, मोकळ्या जागेत. हत्यारं आणि पंप मागच्या माणसाकडे द्यायची आपली पद्धत असते. त्याऐवजी जोरातल्या माणसाला एक दिवस मुद्दाम मागे ठेवा. ओझं त्याच्याकडे, सोबतही त्याची.

आणखी एक. रोज एक जण ‘दिवसाचा पाटील’. कुठे जेवायचं, कधी थांबायचं, पाऊस आला तर पुढे जायचं का, हे तो ठरवणार आणि बाकीचे त्या दिवशी वाद घालणार नाहीत. सामायिक पैशाची पिशवीही त्याच्याकडेच. सलग दहा दिवसांत मैत्री तुटते ती बहुतेक वेळा अशा बारीक निर्णयांच्या घर्षणाने, आणि आळीपाळीने पाटीलकी केली की दुसऱ्याची अडचण आपोआप कळते.

तर, पोर्तोनंतर कार्जेझपर्यंत फक्त बत्तीस किलोमीटर ठेवा. पोर्तोच्या समुद्रपातळीवरून पियानाकडे चारशे मीटरच्या वर चढायचं आहे, आणि मधे ‘कालाँक’ आहेत: लाल ग्रॅनाइटचे सुळके, कमानी, पोखरलेले खडक, त्यांच्यामधून एका गाडीपुरता वाटावा असा रस्ता. १९८३ पासून हा भाग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बसगाड्या साडेनऊनंतर यायला लागतात. सूर्योदयाला तिथे पोचलात तर खडक राखाडीपासून केशरी होताना दिसतात आणि रस्ता तुमचा एकट्याचा असतो. कार्जेझला दोन चर्च दरीच्या दोन काठांवर समोरासमोर उभी आहेत, एक लॅटिन पंथाचं, एक ग्रीक. सतराव्या शतकात ग्रीसहून आलेल्या निर्वासितांच्या वंशजांनी अठराव्या शतकात हे गाव वसवलं. दुपार तिथेच काढा, कपडे धुवा, झोपा.

जेवणाची शाकाहाऱ्यांनी फार धास्ती घेऊ नये. बेटाची ख्याती डुकराच्या खारवलेल्या मांसासाठी आहे हे खरं, पण ब्रोच्चू नावाचं मेंढी-शेळीच्या दुधाच्या निवळीचं ताजं चीज जवळपास प्रत्येक पदार्थात असतं. पुदिना घातलेलं ब्रोच्चूचं ऑम्लेट, ब्रोच्चू आणि पालकाचे गोळे, आणि बोनिफासिओची चीज-पाव भरून भाजलेली वांगी. ती वांगी पाहिल्यावर तुम्हाला घरची भरली वांगी आठवतीलच. ताजं ब्रोच्चू साधारण जूनपर्यंतच मिळतं, म्हणून मे महिना मला जास्त आवडतो. चेस्टनटच्या पिठाची ‘पुलेंदा’ दांड्याने घोटून करतात, आपली उकड घोटतात तशीच, आणि ती दुपारपर्यंत पोटात टिकते. सायकलच्या खिशात ठेवायला ‘कानिस्त्रेल्ली’ ही कोरडी बिस्किटं.

अजाक्सिओनंतर प्रोप्रियानो, मग टेकडीवरचं करड्या दगडी घरांचं सार्तेन, मग बोनिफासिओ. हे दोन दिवस वाहनं जास्त आणि चढ बेताचे, यावर मी फार लिहीत नाही. बोनिफासिओला मात्र ग्रॅनाइट संपून एकदम पांढरा चुनखडीचा कडा येतो, गाव त्याच्या अगदी काठावर, आणि बारा किलोमीटरच्या सामुद्रधुनीपलीकडे सार्डिनिया. वारा इथे जवळपास रोजच असतो. पिशव्या लावलेली सायकल भिंतीला टेकवून सोडून जाऊ नका.

पोर्तो-वेक्योहून बास्तियाचा पूर्व किनारा नकाशावर सर्वांत सोपा दिसतो: सपाट, सरळ, एकशे चाळीस किलोमीटर. तो टी१० रस्ता वेगवान गाड्यांचा आहे आणि मला तो मनापासून नको वाटतो. एकेकाळी इथून रेल्वेही होती, ती १९४३ मध्ये युद्धात उद्ध्वस्त झाली आणि पुन्हा बांधली गेली नाही. म्हणून डोंगरात शिरा. लोस्पेदालेच्या चढाने जवळजवळ हजार मीटर उंची गाठायची, पाईनच्या जंगलातून झोन्झाला मुक्काम. दुसऱ्या सकाळी नऊ किलोमीटर चढून बाव्हेला खिंड, १२१८ मीटर. उलट्या प्रदक्षिणेचा हा दुसरा फायदा: सोलेन्झाराकडून हीच खिंड समुद्रापासून तीस किलोमीटर चढावी लागते, आपल्याला ती उतरायला मिळते. सुळक्यांखालून जाणारा हा उतार सलग उतरू नका. दर पाच-सहा किलोमीटरला थांबून रिम किंवा डिस्क निवू द्या. खाली सोलेन्झारा नदीचे डोह आहेत, तिथे पोहायला तासभर राखून ठेवा. रानात मोकळी सोडलेली डुकरं पिल्लांसकट रस्त्यावर येतात, तेवढं ध्यानात ठेवा. शेवटचे शंभर किलोमीटर टी१०ला पर्याय नाही. ते रविवारी पहाटे येतील असं वेळापत्रक आखा, एका ओळीत चालवा, मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. फ्रान्समध्ये गावाबाहेर रात्री किंवा धूसर उजेडात सायकलस्वाराला चमकणारं जाकीट सक्तीचं आहे, आणि कानात इअरफोन घालून चालवायला बंदी आहे. मदतीचा क्रमांक ११२.

तयारीसाठी एवढंच करा: निघायच्या दोन महिने आधी, पिशव्या भरलेल्या सायकलींसह, सलग तीन दिवस पुणे, वाई, पसरणी, महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर, मग वरंधा चढून भोर अशी फेरी. पाचही जणांनी, शेवटच्या माणसाचा नियम पाळून. तिसऱ्या दिवशी वरंध्यात कोण कसा बोलतोय ते ऐकलंत की कॉर्सिकाला किती दिवस लागतील याचा आकडा तुमचा तुम्हाला मिळेल. शेंगेन व्हिसासाठी प्रवासविमा किमान तीस हजार युरोंचा लागतो. त्यात सायकलिंगचा अपघात धरलाय का, हे लेखी विचारून घ्या. छोट्या गावांत पाच जणांची खोली ऐनवेळी मिळत नाही, पोर्तो आणि झोन्झाची तर आधीच ठरवा. अजाक्सिओहून रेल्वेने परतणार असाल तर सायकलींना जागा असेल तरच घेतात, म्हणून पाचांनी एकाच गाडीचा आग्रह न धरता दोन गाड्यांत विभागून जायची तयारी ठेवा.

परतीच्या रात्रीच्या बोटीवर सायकली खाली गाड्यांच्या मजल्यावर दोरीने बांधतात, आणि बोट सुटली की तो मजला बंद होतो, सकाळपर्यंत तिथे जाता येत नाही. पासपोर्ट, औषधं, गरम कपडा आणि उरलेली चिक्की आधीच वर घेऊन जा.